पाय बदलला, सवय तीच: मुंबईत पुन्हा गाडी शिकणाऱ्यांसाठी

माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. २०२१ च्या पावसाळ्यात स्कूटर खड्ड्यात गेली, मागून टेम्पो आला, आणि पुढचं सगळं हॉस्पिटलात ठरलं. त्याआधी सोळा वर्षं मी मुंबईत कार चालवत होते. घाटात, गणपतीच्या गर्दीत, रिव्हर्समध्ये गल्लीतून बाहेर काढायची, सगळं जमायचं. त्यामुळे मला वाटलं होतं, कृत्रिम पाय बसला की महिनाभर सराव करायचा आणि चावी फिरवायची.

तसं झालं नाही. नवं शिकायला मला वेळ लागला नाही. जुनं जाईना. पूर्वी गाडी चालवलेल्या माणसाचं हे दुखणं कोणी सांगत नाही. सगळे म्हणतात, “तुला काय, तुला तर येतेच!”

लायसन्सचंही तसंच. माझ्या लायसन्सची मुदत संपायला अजून काही वर्षं होती, पण ते माझ्या जुन्या पायाचं होतं.

मी सुरुवात गाडीपासून केली आणि सहा महिने वाया घालवले. तुम्ही क्रम असा ठेवा: आधी शरीर, मग कोणती यंत्रणा ते ठरवणं, मग गाडी, मग आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) आणि विमा, मग लायसन्स, आणि रस्ता सगळ्यात शेवटी.

१. आधी शरीर

मला पाहिजे होतं एक वाक्य, “तुम्ही चालवू शकता”. डॉक्टरांनी ते दिलं नाही, प्रश्न विचारले. मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का? उरलेल्या पायाने ब्रेक किती जोरात दाबता येतो? बसलेल्या जागी तोल जातो का? आणि औषधं कोणती चालू आहेत?

या शेवटच्या प्रश्नाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. नसलेला पाय दुखतो, तेव्हा त्यावर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा ट्रॅमाडॉल अशी औषधं देतात. त्यांनी झोप येते, डोकं जड होतं. डोस बदलला की पहिले काही दिवस गाडीला हात लावू नका. किती दिवस, ते डॉक्टरांनाच विचारा.

पक्षाघात झालेल्यांनी हातापायाच्या आधी डोळ्यांचं बघा. काही जणांच्या नजरेचा अर्धा भाग जातो आणि त्यांना स्वतःला ते कळत नाही, कारण त्या बाजूचं काही दिसतच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पेरिमेट्री नावाची तपासणी होते, ती मागून घ्या. फिट येत असेल किंवा अचानक शुद्ध हरपत असेल, तर इथेच थांबा. लायसन्सच्या फॉर्ममध्ये पहिला प्रश्न तोच आहे, आणि तो असायलाच हवा.

ज्यांचा पाय शाबूत आहे पण संवेदना गेली आहे (मधुमेहात हे फार होतं), त्यांना सगळ्यात जास्त मोह होतो. पाय हलतो ना, मग झालं! पण पेडलवर किती दाब पडतोय हे तळव्याला कळत नसेल, तर तो पाय ब्रेकच्या कामाचा नाही. कृत्रिम पायाचंही तेच. फ्रॅक्चर होऊन सळई बसलेल्यांनीही प्लास्टर निघालं म्हणजे पाय तयार झाला असं धरू नये. चालता येणं वेगळं, ब्रेक ठोकता येणं वेगळं.

कुठे दाखवायचं? हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे, १९५५ पासूनची, केंद्र सरकारची. कृत्रिम अवयव, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी सगळं एका आवारात. मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांतही पुनर्वसन विभाग असतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणाऱ्याला, स्पष्ट सांगा, “मला गाडी चालवायची आहे.” तसं सांगितल्यावर व्यायामच बदलतो.

याच टप्प्यावर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी नेमून दिलेल्या रुग्णालयाच्या बोर्डापुढे. बोर्डाचे वार ठरलेले असतात, आधी विचारून जा, नाहीतर फेरी फुकट जाते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. गाडी चालवण्याच्या पात्रतेशी या टक्क्यांचा थेट संबंध नाही, हे मात्र लक्षात ठेवा. टक्केवारी सवलतीसाठी, पात्रता वेगळ्या फॉर्मवर.

२. हाताने की डाव्या पायाने?

मुख्य प्रकार दोन.

पहिला, हँड कंट्रोल. स्टिअरिंगजवळ एक दांडा असतो. ढकलला की ब्रेक, ओढला किंवा पिळला की ॲक्सिलरेटर. दोन्ही पाय काम करत नसतील तर हाच. एक हात कायम दांड्यावर, म्हणून स्टिअरिंगला गोल मुठीसारखा नॉब बसवतात आणि दुसऱ्या हाताने ते फिरवतात. मग हॉर्न कोण वाजवणार? हसू नका, मुंबईत हा खरा प्रश्न आहे. दांड्यावरच हॉर्नचं बटण असलेला संच मागा. इंडिकेटरपर्यंत बोट पोहोचतं का तेही गाडीत बसून बघा.

दुसरा, डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर. ब्रेकच्या डावीकडे जास्तीचं पेडल बसतं आणि मूळ ॲक्सिलरेटर झाकला जातो किंवा दुमडला जातो. उजवा पाय गेलेल्यांना हा सोपा वाटतो. मीही हाच घेतला.

पण याची गोम ऐका. मॅन्युअल गाडीत सोळा वर्षं माझ्या डाव्या पायाला एकच काम होतं, क्लच. घाबरलं की काय करायचो आपण? दोन्ही पाय खाली, क्लच आणि ब्रेक एकदम. आता क्लच गेला, आणि जवळपास त्याच जागी ॲक्सिलरेटर आला. म्हणजे घाबरलं की डावा पाय गाडी पळवणार.

माझं तेच झालं. सोसायटीच्या आवारात, तिसऱ्या दिवशी. मांजर आडवं गेलं आणि माझ्या डाव्या पायाने सवयीने ‘क्लच’ मारला. गाडी उडी मारून पुढे. शेजारी बसलेल्या भावाने हँडब्रेक ओढला म्हणून थांबली, तोवर वॉचमनकाकांची लाल प्लास्टिकची खुर्ची बंपरखाली गेली होती. काका चहा आणायला गेले होते, हे नशीब. त्यांनी खुर्चीचा तुटलेला पाय उचलून बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि काहीच बोलले नाहीत. नवी खुर्ची मी त्याच संध्याकाळी आणली.

त्यानंतर दोन महिने मी गाडीत बसले नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टने सांगितलं तसं घरी खुर्चीवर बसून सराव केला. जमिनीवर दोन चपला. डावीकडची ॲक्सिलरेटर, उजवीकडची ब्रेक. डावा पाय डावीकडच्या चपलेवर ठेवून टीव्ही बघायचा, आणि मुलगी मनात येईल तेव्हा “थांब!” ओरडणार. की पाय उचलून उजवीकडच्या चपलेवर. पहिल्या आठवड्यात दहातल्या चार वेळा पाय आहे तिथेच खाली दाबला गेला. तीच चार वेळा रस्त्यावर झाली असती तर? सलग तीन दिवस एकही चूक होत नाही तोवर गाडी नको, असा नियम मी स्वतःला घातला. तुम्हीही घाला.

आणखी एक: कृत्रिम पाय ब्रेकखाली सरकतो आणि अडकतो. तो दाराच्या बाजूला राहील असा आडवा अडसर संचासोबतच बसवून घ्या.

ज्यांनी कायम ऑटोमॅटिकच चालवली, त्यांना क्लचची भानगड नाही. पण दोन्ही प्रकार कोणाच्या तरी गाडीत बसून बघितल्याशिवाय ठरवू नका. पुनर्वसन विभागात असं चालवणारं कोणी ना कोणी भेटतं, आणि लोक आनंदाने दाखवतात.

३. गाडी

क्लचचं पेडल नसलेली गाडी घ्या, म्हणजे ऑटोमॅटिक किंवा एएमटी (आतली रचना मॅन्युअलचीच, पण क्लच आणि गिअर यंत्रच सांभाळतं). जुन्या मॅन्युअल गाडीला ऑटो-क्लच लावून मिळतो, पण गिअरला हात लागतोच, आणि हँड कंट्रोल असेल तर हात आणायचे कुठून?

शोरूममध्ये मायलेज विचारण्याआधी हे बघा:

- हँडब्रेक दोन सीटच्या मध्ये, ओढायच्या दांड्याचा आहे का. शिकवणाऱ्याच्या हातात तेवढंच असतं. बटणाचा इलेक्ट्रॉनिक ब्रेक असा हाताने कमी-जास्त ओढता येत नाही.
- सीटची उंची. खाली धसणाऱ्या सीटमधून एका पायावर उठून बघा. एकदा नाही, पाचदा.
- तुमच्या पार्किंगमध्ये चालकाचं दार पूर्ण उघडतं का. टॉवरमधल्या यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यात दार अर्धंच उघडतं. व्हीलचेअर असेल तर सोसायटीला लेखी अर्ज देऊन तळमजल्यावरची रुंद जागा मागा. तोंडी मागणी कमिटी बदलली की विसरली जाते.

संच कुठून घ्यायचा? इथे मी फसले. पहिल्यांदा ओळखीच्या गॅरेजवाल्याने माझ्या गाडीत लोखंडी पट्टी वेल्ड करून पेडल बसवून दिलं. स्वस्त पडलं, दिसायलाही ठीक. पण त्याला मान्यता नव्हती, त्यामुळे आरसीवर नोंद नाही आणि त्यामुळे लायसन्सही नाही. शेवटी काढून भंगारात दिलं. संचाला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र आहे का ते आधी विचारा, आणि त्याची प्रत बिलासोबत हातात घ्या. “नंतर व्हॉट्सॲप करतो” चालणार नाही.

जीएसटीच्या सवलतीबद्दल एक जुना मेसेज अजून फिरतोय. पूर्वी अवजड उद्योग मंत्रालयाचं प्रमाणपत्र घेतलं की अस्थिव्यंग असलेल्यांना लहान गाडीवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी लागायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर सगळ्यांनाच १८ टक्के आहे. म्हणजे तो फरक उरलेला नाही. त्या प्रमाणपत्रासाठी पैसे मागणारा एजंट भेटला तर नमस्कार करा आणि पुढे व्हा.

४. आरसी आणि विमा

मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला ‘अडॅप्टेड व्हेईकल’ म्हणतात. कलम ५२ प्रमाणे आपल्या गाडीत असा बदल करून घेऊन नंतर आरटीओची मंजुरी घेता येते. बदल केल्यावर १४ दिवसांच्या आत कळवायचं असतं. म्हणून संच बसवायची तारीख आणि आरटीओची फेरी एकाच आठवड्यात जमवा.

मुंबईत तुमच्या पत्त्याप्रमाणे ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली यांपैकी एक आरटीओ. अर्ज वाहन पोर्टलवर भरायचा, गाडी तपासणीला न्यायची. न्यायची कोणी? तुमच्याकडे त्या वर्गाचं लायसन्स अजून नाही! मूळ ॲक्सिलरेटर पुन्हा उघडता येणारा संच असेल तर घरातलं लायसन्स असलेलं कोणीही नेहमीसारखी चालवत नेऊ शकतं.

सोबत ठेवा: आरसी, विमा, पीयूसी, संचाचं बिल, संचाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, आधार. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.

नवी गाडी असेल तर नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ हा पर्याय ऑक्टोबर २०२० पासून आहे. डीलरचा माणूस सवयीने ‘इंडिव्हिज्युअल’ टाकतो. सही करण्याआधी ती एक ओळ स्वतः वाचा. राष्ट्रीय महामार्गांच्या टोल नियमांत दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या वाहनांना सूट आहे, त्यासाठी सूटवाला फास्टॅग वेगळा काढावा लागतो, आणि तिथे आरसीच बघतात. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच हलक्या गाड्यांना टोल नाही, त्यामुळे वाशी-ऐरोलीला जाणाऱ्यांनी यासाठी धावपळ करायची गरज नाही.

आरसीवर नोंद झाली की विमा कंपनीला लेखी कळवा. पॉलिसीत अशा गाड्यांसाठी आयएमटी १२ नावाची नोंद असते आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर सूट असते. पण माझ्या मते सूट दुय्यम. न कळवता बदललेली गाडी म्हणजे क्लेमच्या वेळी कंपनीच्या हातात आयतं कारण.

५. लायसन्स

आरटीओबाहेर मला एजंटने अगदी आपुलकीने सांगितलं, “ताई, लायसन्स चालू आहे ना? मग कशाला सांगताय? पँट घालून या, कोणाला कळतंय?” नूतनीकरणाला येतो तेव्हा फॉर्म १ वर स्वतःची घोषणा असते. त्यात सरळ प्रश्न आहे: हात किंवा पाय गमावला आहे का, हातापायाच्या ताकदीत काही दोष आहे का. तिथे ‘नाही’ लिहिलं की ते खोटं प्रतिज्ञापन. उद्या अपघात झाला, चूक समोरच्याची असली तरी, पहिला कागद तोच बाहेर येणार.

माझा मार्ग असा होता. सारथी पोर्टलवर जुन्या लायसन्सला नवा वर्ग, म्हणजे अडॅप्टेड व्हेईकल, जोडायचा अर्ज. त्यासाठी आधी शिकाऊ लायसन्स, ते सहा महिने चालतं. ते मिळाल्यावर ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट.

कागद: फॉर्म १, फॉर्म १ए, फॉर्म २, जुनं लायसन्स, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा, फोटो, यूडीआयडी, गाडीची सगळी कागदपत्रं.

यातला फॉर्म १ए महत्त्वाचा. तो नोंदणीकृत डॉक्टरने भरायचा असतो आणि त्यावर तुमचा फोटो असतो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दोन मिनिटांत शिक्का मिळेल, पण घेऊ नका. ज्या डॉक्टरांनी तुमचा पाय बघितलाय त्यांच्याकडूनच भरून घ्या आणि जोडीला त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी मागा: कोणता अवयव नाही, कोणती यंत्रणा लागेल, आणि त्या यंत्रणेसह चालवायला हरकत नाही. खिडकीवरच्या साहेबांनी माझा फॉर्म बाजूला ठेवून ते पत्रच दोनदा वाचलं.

टेस्ट तुमच्याच गाडीत होते, कारण ज्या प्रकारचं लायसन्स त्याच प्रकारची गाडी लागते. सकाळी लवकर जा. उभं राहावं लागतं, घडीची खुर्ची घेऊन जा, लाजू नका. निरीक्षकाला गाडीत बसण्याआधीच पेडल दाखवा आणि समजावून सांगा. माझ्या निरीक्षकांनी खाली वाकून बघितलं आणि विचारलं, “मग हा उजवा पाय काय करतो?” म्हटलं, “आराम.”

६. रस्ता

ड्रायव्हिंग स्कूलकडे अशी गाडी क्वचित असते. तुमच्याच गाडीत येऊन शिकवायला तयार असलेला शांत माणूस शोधा. शिकाऊ लायसन्सवर शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस हवाच, आणि पुढेमागे पांढऱ्यावर लाल ‘एल’. नवऱ्याकडून किंवा बायकोकडून शिकू नका. कारण सांगायला नको.

रविवारी सकाळी सात वाजता बॅलार्ड इस्टेट. रस्ते रुंद, काटकोनात, ऑफिसं बंद. मी तिथे सहा रविवार नुसतं थांबणं शिकले. वीसच्या वेगाने जायचं आणि झाडापाशी थांबायचं. पुढच्या झाडापाशी पुन्हा. कंटाळा येईपर्यंत करा, कारण कंटाळा आला म्हणजे पाय विचार न करता जातोय. मग चढ. पार्किंगचा रॅम्प रिकाम्या वेळी, त्यानंतर केम्प्स कॉर्नरचा पूल. काही एएमटी गाड्या चढावर मागे सरकतात, तेव्हा हँडब्रेक लावून निघायची सवय पुन्हा काढावी लागते.

कोस्टल रोड सगळ्यात शेवटी. दिसायला सोपा, सिग्नल नाहीत, पण बोगद्यात पायात गोळा आला तर बाजूला घ्यायला जागा शोधावी लागते. बाजूची चाकं लावलेली स्कूटर चालवणाऱ्यांनी हेही बघून ठेवा: कोस्टल रोड, सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतू, चारही ठिकाणी दुचाकी-तिचाकीला बंदी आहे. गुगल मॅप तुम्हाला तिकडे घालू शकतो.

पक्कं लायसन्स मिळाल्यावर पहिले तीन महिने गाडीत एकट्याने, रेडिओ बंद. दुसरी गाडी मधे मधे चालवू नका, भावाची मॅन्युअल तर अजिबात नाही. पाय गोंधळतो.

संध्याकाळपर्यंत स्टंपला (पायाच्या उरलेल्या टोकाला) सूज येते आणि सॉकेट, म्हणजे तो ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची वाटी, आवळायला लागतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात जास्तीचे स्टंप सॉक्स, कोरडा टॉवेल आणि पाण्याची बाटली ठेवा. पावसाळ्यात तो टॉवेल आधी डाव्या चपलेच्या तळव्याला. ओला तळवा पेडलवरून घसरतो, आणि आता तुमच्याकडे पाय एकच आहे. मी तर चप्पल सोडून रबरी तळव्याचे बूट घेतले. डावा झिजतो, उजवा अजून नवा आहे.